आधी मत देऊ नका म्हणायचं, मग दिलेलं मत खोटं ठरवायचं

ऑगस्ट 2020. कोविडची साथ सुरूच होती, अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक दहा आठवड्यांवर आली होती, आणि रांगेत उभं राहायला नको म्हणून कोट्यवधी लोक टपालाने मत पाठवायच्या तयारीत होते. त्या दिवसांत डेट्रॉइट शहरात हजारो घरांतले फोन वाजले. पलीकडे एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज. ती आपलं नाव सांगते, एका नागरी हक्क संघटनेतून बोलतेय म्हणते आणि अगदी आपुलकीने सावध करते. टपालाने मत दिलंत तर तुमची माहिती एका यादीत जाईल. त्या यादीवरून पोलीस जुनी वॉरंटं उकरून काढतील. क्रेडिट कार्ड कंपन्या थकलेली बाकी वसूल करतील. सक्तीची लस टोचायला माणसं हुडकायची, तर आरोग्य खातंही तीच यादी वापरेल. तेव्हा सांभाळून राहा.

यातली एकही भीती खरी ठरणारी नव्हती. तरीही ज्याने हा मजकूर लिहिला त्याला ऐकणाऱ्याच्या आयुष्याची नेमकी जाण होती. किरकोळ दंड भरायचा राहिला म्हणून निघालेलं वॉरंट काय करू शकतं, हे डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वसुलीवाल्यांचे फोन तिथे रोजचे आहेत. आणि सरकारी डॉक्टरांबद्दलचा संशय? अलाबामातल्या टस्कीगीमध्ये 1932 पासून तब्बल 40 वर्षं सरकारी आरोग्य सेवेने उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं, फक्त रोग कसा वाढतो ते पाहण्यासाठी. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिलं नाही. फोनवरचं खोटं या खऱ्या अनुभवाच्या जमिनीत पेरलेलं होतं, म्हणूनच ते रुजण्यासारखं होतं.

कॉल करवणारे दोघे होते, जॅक बर्कमन आणि जेकब वोल, उजव्या गोटातले प्रचारक. देशभरात असे सुमारे 85,000 कॉल गेले. कोर्टात पुढे आलेल्या ईमेलमध्ये कॉल कुठे पाठवायचे त्याची यादीच होती: मिलवॉकी, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड अशा शहरांमधल्या कृष्णवर्णीय वस्त्या. ओहायोमध्ये दोघांनी गुन्हा कबूल केला. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने 2023 मध्ये दिवाणी खटल्यात त्यांना जबाबदार धरलं, तेव्हा आधार घेतलेल्या कायद्यांपैकी एक होता 1871 चा कू क्लक्स क्लॅन कायदा. घोड्यावरून, तोंडं झाकून, रात्री दार ठोठावणाऱ्या त्या गोऱ्या टोळीला आवरण्यासाठी केलेला कायदा दीडशे वर्षांनी फोनवरच्या आवाजाला लावावा लागला, आणि तो अगदी चपखल बसला. मतदाराला घाबरवून घरी बसवायचं, हे काम त्या दीडशे वर्षांत बदललं नव्हतं.

निवडणुकीतल्या अपप्रचाराची चर्चा सहसा माहितीच्या अंगाने होते. कोणती बातमी खोटी, कोणता व्हिडिओ बनावट, लोक तो फॉरवर्ड का करतात, त्यांना शहाणं कसं करायचं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बाबतीत ही मांडणी मला अपुरीच नव्हे, तर दिशाभूल करणारी वाटते. तिथे खोट्याचा मोर्चा कुणाच्या समजुतीकडे वळलेला नसतो. तो त्यांच्या मताकडे, म्हणजे सत्तेतल्या वाट्याकडे वळलेला असतो. आणि त्यासाठी दोन खोट्या गोष्टी लागतात. एक कृष्णवर्णीय मतदाराला सांगायची, म्हणजे तो घरी बसेल. दुसरी त्याच्याविषयी गोऱ्यांना सांगायची, म्हणजे तो घरी बसला नाही तरी त्याचं मत लबाडीचं ठरेल. या दोन्हींकडे आपण वेगवेगळ्या बातम्या म्हणून पाहतो. पण त्या एकाच कामाच्या दोन पाळ्या आहेत, एक मतदानाआधीची आणि एक नंतरची.

नंतरच्या पाळीत काय होतं, ते जॉर्जिया राज्यातल्या अटलांटात दिसलं. रूबी फ्रीमन आणि शे मॉस या कृष्णवर्णीय मायलेकी फुल्टन काउंटीत मतमोजणीच्या कामावर होत्या. मॉस 2012 पासून निवडणूक खात्यात काम करत होती. म्हाताऱ्या माणसांना मतपत्रिका मिळवून द्यायला तिला आवडायचं, कारण आपल्या आधीच्या पिढ्यांना हा हक्क नव्हता हे आजीने तिला सांगितलं होतं. मोजणीच्या रात्रीच्या कॅमेऱ्याच्या चित्रणातला एक तुकडा घेऊन, निवडणूक हरूनही निकाल न मानणाऱ्या ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी जॉर्जियाच्या आमदारांपुढे सांगितलं, की या बायका हेरॉइन किंवा कोकेनच्या कुप्या द्याव्यात तशा चोरून यूएसबी ड्राइव्ह एकमेकींना देत आहेत. आईने लेकीच्या हातात काय ठेवलं होतं? आल्याच्या चवीची पेपरमिंटची गोळी.

अमली पदार्थांची ही उपमा वकिलाला सहज सुचली असेल, असं मानायला मी तयार नाही. टेबलाशी दोन गोऱ्या शिक्षिका असत्या तर कोकेन आठवलं असतं का? पुढे अध्यक्ष ट्रम्प यांनी जॉर्जियाच्या अधिकाऱ्याला केलेल्या फोनमध्ये फ्रीमन यांचं नाव पुन्हा पुन्हा घेऊन त्यांना मतांची अट्टल ठग म्हटलं. मॉसला आलेल्या निरोपांमध्ये एक असा होता: नशीब समज, हे 1920 नाही, 2020 आहे. तिच्या आजीच्या घरी माणसं घुसायला आली. एफबीआयच्या सांगण्यावरून फ्रीमनबाईंना सुमारे दोन महिने घर सोडून राहावं लागलं. जून 2022 मध्ये संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांनी सांगितलं, की गल्लीत सगळे आपल्याला ‘लेडी रूबी’ म्हणायचे, ते नाव छापलेला टी-शर्ट होता, तो आता घालवत नाही; दुकानात कुणी नावाने हाक मारली तरी छातीत धस्स होतं. ज्यूरीने डिसेंबर 2023 मध्ये जुलियानी यांच्यावर 14 कोटी 80 लाख डॉलरची भरपाई बसवली. पण त्या खात्यात पुन्हा काम करायला मॉस परत गेली नाही, आणि तिच्या जागी कुणी तरुण मुलगी आली असेल तर ती कॅमेऱ्याखाली आईकडून गोळी घेताना दोनदा विचार करेल. हे नुकसान कोणत्या भरपाईने निघतं?

डेट्रॉइटमध्येही हेच घडलं. मतमोजणी चाललेल्या सभागृहाच्या काचांवर बाहेरचा जमाव ‘मोजणी थांबवा’ म्हणत मुठी आपटत होता. नंतर डेट्रॉइट ज्यात येतं त्या वेन काउंटीच्या निकालावर शिक्कामोर्तब करायची वेळ आली, तेव्हा निकाल तपासणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाईंनी डेट्रॉइट सोडून बाकीच्या गावांचे निकाल मान्य करायची तयारी दाखवली. नोंदींमध्ये थोडा मेळ बसत नव्हता हे कारण. तसा तो बहुतांशी गोऱ्या असलेल्या शेजारच्या लिव्होनियातही बसत नव्हता. सभेत नागरिकांनी संताप व्यक्त केला तेव्हा कुठे मंडळाचा निर्णय बदलला. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही, की ट्रम्प यांना डेट्रॉइटमध्ये 2016 पेक्षा 2020 मध्ये जास्त मतं मिळाली होती. मिशिगन राज्य हातचं गेलं होतं ते इतरत्र. तरी बोट वळलं ते कृष्णवर्णीयांच्या शहराकडेच.

यात नवीन काही नाही, हे पाहायचं असेल तर नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनपाशी थांबायला हवं. 1890 च्या दशकात ते राज्यातलं सर्वांत मोठं शहर होतं आणि तिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. पोटाला चिमटा बसलेले गोरे शेतकरी आणि कृष्णवर्णीय रिपब्लिकन यांनी हातमिळवणी करून राज्याची सत्ता मिळवली होती. दक्षिणेतल्या वर्णश्रेष्ठत्ववाद्यांना ही युती सगळ्यात जास्त सलत होती, कारण गरीब गोरा कुणाच्या बाजूला उभा राहतो यावर त्यांचं सगळं गणित होतं. मग 1898 च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाने (त्या काळी दक्षिणेत गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पक्ष तोच होता) एक मोहीम आखली. राली या राजधानीच्या शहरातल्या ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्राचे मालक जोसेफस डॅनियल्स यांनी व्यंगचित्रं, अफवा, गोऱ्या स्त्रियांवरच्या कथित हल्ल्यांच्या बातम्या यांचा रतीब घातला. एका चित्रात पंख पसरलेला राक्षस आहे, पंखांवर ‘निग्रो राज्य’ असं लिहिलं आहे आणि त्याच्या पंजाखाली गोऱ्या बायका आहेत. प्रत्यक्षात विल्मिंग्टनच्या नगर मंडळात कृष्णवर्णीय सदस्य अल्पसंख्यच होते. राज्याचं तर नावच नको. पण वाचता न येणाऱ्यालाही चित्र समजत होतं.

ही झाली गोऱ्यांना सांगायची गोष्ट. कृष्णवर्णीयांना सांगायची गोष्ट बंदुकीने सांगितली गेली. लाल सदरे घातलेले घोडेस्वार त्यांच्या वस्त्यांतून फिरत राहिले. मतदानाच्या आदल्या दिवशी आल्फ्रेड वॅडेल या पुढाऱ्याने उघड सांगितलं, की मत द्यायला आलेला निग्रो दिसला तर त्याला हाकला, ऐकलं नाही तर मारा. निवडणूक जिंकूनही त्यांचं भागलं नाही. दोन दिवसांनी, 10 नोव्हेंबरला, जमावाने अलेक्झांडर मॅन्ली यांच्या कृष्णवर्णीय वर्तमानपत्राची कचेरी जाळली आणि जळालेल्या इमारतीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. किती माणसं मारली गेली याचा नक्की आकडा आजही नाही. निवडून आलेल्या नगर मंडळाकडून राजीनामे घेतले गेले आणि वॅडेल महापौर झाला. दोनच वर्षांत राज्यघटनेत साक्षरतेची अट घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपवला गेला. जॉर्ज हेन्री व्हाइट हे त्या राज्याचे कृष्णवर्णीय खासदार 1901 मध्ये वॉशिंग्टनमधून निघाले. नॉर्थ कॅरोलायनातून पुढचा कृष्णवर्णीय खासदार निवडून यायला 1992 साल उजाडलं. ‘न्यूज अँड ऑब्झर्व्हर’ने माफी मागितली 2006 मध्ये. डॅनियल्स स्वतः पुढे नौदलमंत्री झाले.

खोट्याने मारहाणीला कारण पुरवलं, मारहाणीने कायद्याला वाट करून दिली, आणि एकदा कायदा झाल्यावर खोटं बोलायची गरजही उरली नाही. हा क्रम मी डोक्यात पक्का ठेवतो, कारण आज बनावट व्हिडिओची चर्चा करणारे बहुतेकजण पहिल्या पायरीवरच थांबतात. कायद्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

1965 मध्ये अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चाचं रक्त सांडल्यानंतर मताधिकार कायदा झाला आणि मिसिसिपीत नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीयांचं प्रमाण दोन वर्षांत सुमारे 7 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या आसपास गेलं. इतकं सोपं होतं ते. हक्क वापरायची इच्छा नव्हती असं म्हणणाऱ्यांना हा आकडा पुरेसा आहे. कायद्याची ताकद होती ती पूर्वसंमतीच्या तरतुदीत. ज्या राज्यांचा इतिहास वाईट होता त्यांनी मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही तरतूद निकामी केली. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने लगेच त्याच वर्षी नवा कायदा आणला. कोणत्या वंशाचे लोक कशा पद्धतीने मत देतात याची आकडेवारी मागवली होती, आणि कृष्णवर्णीय ज्या सोयी जास्त वापरत होते नेमक्या त्यांनाच कात्री लावली. 2016 मध्ये अपील न्यायालयाने तो कायदा रद्द करताना म्हटलं, की त्यात कृष्णवर्णीयांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने लक्ष्य केलं आहे. अशा कायद्यांना समर्थन कशाचं दिलं जातं? मतदानातल्या गैरप्रकारांचं. म्हणजे पुन्हा ती दुसरी गोष्ट.

मधल्या काळात पहिली गोष्टही बंद पडली नव्हती. 1990 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सिनेटर जेसी हेल्म्स यांच्या विरोधात कृष्णवर्णीय उमेदवार उभा असताना सव्वा लाख पोस्टकार्डं मुख्यतः कृष्णवर्णीय मतदारांना गेली, चुकीची माहिती दिलीत तर तुरुंगात जाल अशी. 2004 मध्ये मिलवॉकीत एका बनावट कृष्णवर्णीय संघटनेच्या नावाने पत्रक वाटलं गेलं: या वर्षी आधी मत दिलं असेल तर आता देता येणार नाही, घरात कुणाला कसलीही शिक्षा झाली असेल तर देता येणार नाही, नियम मोडलात तर दहा वर्षं कैद आणि मुलं ताब्यात घेतली जातील. शेवटचं वाक्य एखाद्या आईने वाचलं असेल, तेव्हा तिने काय केलं असेल याचा विचार करवत नाही.

2016 मध्ये रशियातल्या इंटरनेट रिसर्च एजन्सी या अपप्रचार करणाऱ्या संस्थेने समाजमाध्यमांवर ‘ब्लॅकटिव्हिस्ट’ किंवा ‘वोक ब्लॅक्स’ अशा नावांनी पानं उघडली, आणि दोघांपैकी कमी वाईट निवडण्यापेक्षा मत न दिलेलं बरं, असा सल्ला दिला. या मोहिमेत आफ्रिकन-अमेरिकनांइतकं दुसऱ्या कुणालाच लक्ष्य केलं गेलं नाही, असा निष्कर्ष सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने काढला. त्या निवडणुकीत कृष्णवर्णीयांचं मतदान 2012 च्या 66 टक्क्यांवरून 60 च्या खाली आलं. पण दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून ‘म्हणूनच’ म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. ओबामा उमेदवार नव्हते, अनेक राज्यांत पूर्वसंमतीचं कवच गेलेलं होतं, डेमोक्रॅटिक पक्षाने या मतदारांना गृहीत धरलं होतं. रशियावर इतका प्रकाश टाकला गेला याचं मला वाईट वाटतं, कारण त्यामुळे हे परक्याचं पाप ठरलं. मॉस्कोने फक्त अमेरिकेचीच जुनी वही वाचली होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. कृष्णवर्णीयांना कुणीही फसवावं इतके ते भाबडे आहेत, असं तर आपण सुचवत नाही ना? 2024 मध्ये ट्रम्प यांना मत देणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं, तेव्हा अनेक उदारमतवाद्यांनी लगेच अपप्रचाराला दोष दिला. ट्रम्प यांच्याभोवती हसरे कृष्णवर्णीय तरुण दाखवणारी, एआयने बनवलेली चित्रं त्या वर्षी फिरलीही होती. तरीही माझं म्हणणं स्पष्ट आहे: ज्याने महागाईचा, नोकरीचा विचार करून मत बदललं त्याला फसलेला म्हणायचा अधिकार कुणालाही नाही. मत बदलणं हा हक्काचा वापर आहे. मतदानाची तारीख, जागा, पद्धत आणि शिक्षा यांबद्दल खोटं सांगून मतच होऊ न देणं ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंत गल्लत केली, की कृष्णवर्णीय मतदार एका पक्षाची मालमत्ता ठरतो, आणि तेही त्याच्या सत्तेला नाकारणंच आहे.

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्नही याच भेदाने सुटतो असं मला वाटतं. डग्लस मॅकी नावाच्या इसमाने 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या समर्थकांसाठी ‘रांग टाळा, एसएमएसने मत द्या’ अशी चित्रं पसरवली. एका चित्रात कृष्णवर्णीय स्त्री होती. किमान 4,900 नंबरांवरून लोकांनी खरोखर मेसेज पाठवला. त्याला 2023 मध्ये शिक्षा झाली आणि 2025 मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली, कारण इतरांशी संगनमत केल्याचा पुरावा पुरेसा नव्हता. म्हणजे जुन्या कायद्याखाली कट सिद्ध व्हावा लागतो, आणि एकटा माणूस एका फोनवरून हजारोंची मतं बुडवू शकतो, ही परिस्थिती त्या कायद्याच्या कल्पनेत नव्हती.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना. त्याच वर्षी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी, एका निवडणुकीच्या निकालावरून पेटलेल्या वादात गोऱ्यांच्या टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली होती. मुक्ती मिळाली होती, पण मताचा पहारा उठला नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली, तेव्हा दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांच्या प्रश्नाची ओळख करून घ्यावी लागली नाही.

मग काय करायचं? मतदारांना खोट्या बातम्या ओळखायच्या कार्यशाळा घ्यायला हरकत नाही, पण त्याने सगळं ओझं पुन्हा ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्यावरच पडतं. आधी भीतीला जे खरं कारण आहे ते काढून टाकायला हवं. शिक्षा भोगून झालेल्या बहुतेकांचा मताधिकार फ्लॉरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये सुमारे 65 टक्क्यांनी परत दिला. विधिमंडळाने पुढच्या वर्षी त्याला कोर्टाच्या दंडाची आणि फीची बाकी चुकवायची अट चिकटवली, आणि कुणाची किती बाकी आहे याची एका जागी नोंद नव्हती. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या राज्यपालांनी बेकायदा मतदानासाठी वीसजणांच्या अटकेची घोषणा केली. त्यांतल्या अनेकांना राज्यानेच मतदार ओळखपत्र दिलेलं होतं. पोलीस दारात उभे असल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. यानंतर ‘मत दिलंत तर पोलीस येतील’ असा फोन आला, तर तो खोटा आहे हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुसरं म्हणजे कायदा. मतदानाच्या पद्धतीबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवणं हा स्वतंत्र फेडरल गुन्हा ठरवणारं विधेयक सिनेटर असताना बराक ओबामांनी 2007 मध्ये मांडलं होतं. त्यानंतर ते वेगवेगळ्या रूपांत येत राहिलं. पूर्वसंमतीची तरतूद परत आणणारं, नागरी हक्क चळवळीतले नेते जॉन लुइस यांच्या नावाचं विधेयक 2021 मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. ही दोन्ही विधेयकं एकत्र लागतील, कारण पहिलं फोन करणाऱ्याला धरेल आणि दुसरं त्या फोनला खरं ठरवणाऱ्या विधिमंडळाला. यापैकी एकच मंजूर करून दुसरं सोडून द्यायची तडजोड पुढे कधी समोर आली, तर कृष्णवर्णीय संघटनांनी ती नाकारावी, असं मला वाटतं.